एका कोयत्याची नोंदणी

माझं अक्षर चांगलं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. आता तर मला त्या अक्षराचा रागच येतो. पण बावीस वर्षं मी गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आणि उमापूरच्या अलीकडच्या सात-आठ गावांत कुणाला अर्ज लिहायचा झाला की तो माणूस माझ्याकडेच यायचा. "राधाकिसन भाऊसाहेबांनी लिहिलेला कागद माघारी येत नाही," असं लोक म्हणायचे. खरंच येत नसे. जो एक कागद माघारी यायला हवा होता, तोही आला नाही.

तो कागद बन्सीचा होता. बन्सी भीमनगरातला, हातपंप दुरुस्त करणारा मिस्त्री. बुटका, रुंद खांद्यांचा, आणि बोलायला इतका लाजाळू की मजुरी सांगतानासुद्धा पंपाकडे बघून सांगायचा. बहात्तरच्या दुष्काळात आई भामाबाईबरोबर त्यानं रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. मोठा झाल्यावर ऊसतोडीला गेला. पाटोद्याकडची मनकर्णा बायको म्हणून आली आणि लग्नानंतर चार हंगाम दोघं कारखान्यावर जात राहिले. मग एका बोअरच्या गाडीवर त्याला काम मिळालं, तिथं तो पंप शिकला आणि गावी परत आला.

ऊसतोडीचं एक सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या बीड जिल्ह्यात तोडीला जाणारे लोक माणसांत मोजत नाहीत, कोयत्यात मोजतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, दोघं मिळून एक कोयता. मुकादम विचारतो, "किती कोयते?" आणि पोरगंसुद्धा बरोबर उत्तर देतं. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता.

आता हातपंपाचं. वर दिसतो तो दांडा आणि डोकं. खाली जमिनीत दीडशे फूट लोखंडी पाइप असतो, दहा-दहा फुटांचे तुकडे एकमेकांत आटे देऊन जोडलेले, आणि शेवटी सिलिंडर. त्यातलं चामडी वॉशर झिजलं की पाणी येणं बंद. ते बदलायला सगळा पाइप वर काढावा लागतो. तिपाई उभी करायची, कप्पीवरून दोर सोडायचा. दोर कुणीही ओढतं, गावात रिकामटेकड्यांची काय कमी! खरी मेख पुढे आहे. एक तुकडा वर आला की खालचा सगळा भार क्लॅम्पनं जागच्या जागी पकडायचा आणि मग वरचा तुकडा पान्यानं सोडवायचा. क्लॅम्पला क्षणभर उशीर झाला तर पाइप बोअरमध्ये गेलाच, आणि मध्ये बोट असलं तर बोटही गेलं. बन्सीचा चुलतभाऊ जालिंदर एकदा हौसेनं क्लॅम्प धरायला बसला होता. शेजारच्या गावचा तो बोअर अजून तसाच बुजलेला आहे.

पाना बन्सीच्या हातात असायचा. क्लॅम्प मनकर्णाच्या. ती बन्सीकडे बघत नसे, पाइपाकडेही बघत नसे. मान तिरपी करून दोराचा आवाज ऐकायची आणि बरोबर वेळेला हात आवळायची. आठ वर्षांत तिच्या हातून एक पाइप सुटला नाही.

पण ती "पंपाला येते" असं कुणी म्हणत नसे. वरच्या आळीत बन्सी पंपाच्या ओट्यावर चढला तर चालायचं, कारण तो मिस्त्री. भीमनगरातली बाई ओट्यावर चढली की रांगेतल्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. त्यातली एक माझी आई, छबुबाई. म्हणून मनकर्णा डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन यायची आणि त्याच निमित्तानं ओट्यावर चढायची. कुणी विचारलं तर, "मालकाची भाकर घिऊन आलेय." सकाळी आठ वाजता कसली आली भाकर! गाठोड्यात वर दोन भाकरी, चटणी, आणि खाली क्लॅम्प. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तहान सोवळ्यापेक्षा मोठी झाली होती, पण तसं बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या आणि सगळा भार हातपंपांवर आला. पंप दुरुस्तीचं काम तेव्हा विठ्ठलरावांच्या मजूर सहकारी संस्थेकडे होतं. विठ्ठलराव म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन, जमीनदार, पुढारी, आणि माझी नोकरी ज्यांच्या मर्जीवर ते. ही मजूर संस्थाही मीच कागदावर उभी केली होती. सभासद अकरा हवेत, तर मी अकरा लिहिले. विठ्ठलरावांची बायको सुभद्राबाई, आई केसरबाई, मेहुणे, सालगडी. केसरबाईंना तेव्हा दिसतही नव्हतं. मी त्यांच्या नावापुढे सुरेख अक्षरात "हातपंप दुरुस्ती कामगार" असं लिहिलं आणि त्यांचा अंगठा घेतला. पेन एकदाही अडखळलं नाही.

त्या अकरा जणांपैकी पंपाजवळ कुणी कधी फिरकलं नाही. काम पडायचं बन्सी-मनकर्णावर, बिल निघायचं संस्थेचं. अखेर पंप बंद पडून बंद पडून बोंब झाली, आणि तालुक्याच्या कचेरीनं ठरवलं की ज्याची स्वतःच्या नावानं नोंदणी असेल अशा मिस्त्रीलाही काम देता येईल. विठ्ठलरावांनीही हरकत घेतली नाही. त्यांच्या घरचा पंपही बन्सीच बघत होता.

तर बन्सी एके दुपारी सोसायटीत आला, टोपी काढून दाराशीच उभा राहिला.

"भाऊसाहेब, नोंदणी करायची म्हंत्यात. मला काय समजत न्हाई त्यातलं."

"बस. समजायला मी हाय ना," मी म्हणालो. केवढा तोरा होता माझा!

फॉर्म चार पानी. मी पहिलं विचारलं, दुकानाचं नाव काय द्यायचं? बन्सी बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. मग म्हणाला, "मनकर्णा हातपंप दुरुस्ती... असं चालंल का?"

मी हसलो. अगदी खदखदून हसलो, हे मला स्पष्ट आठवतं. "येडा का खुळा बे तू? बायकोच्या नावानं दुकान? गाव म्हणंल, बायकोच्या जिवावर खातो. पंप दुरुस्तीच्या पाटीवर बाईचं नाव कुणी पाह्यलंय का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "ऱ्हाऊ द्या मग. तुमी म्हनाल तसं," म्हणाला. मी लिहिलं : बन्सी हातपंप दुरुस्ती केंद्र. मालकी, एकट्याची.

मग तो रकाना आला. प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तींची संख्या.

"किती माणसं?" मी विचारलं.

"एक कोयता, भाऊसाहेब," बन्सी म्हणाला.

त्यानं खोटं सांगितलं नाही. त्याच्या जन्माच्या हिशेबानं त्यानं अगदी बरोबर उत्तर दिलं. आणि मी काही मुंबईहून आलेलो नव्हतो. एक कोयता म्हणजे दोन माणसं, हे मला कळत होतं. पेन रकान्यावर टेकवून मी क्षणभर थांबलोही. दोन लिहिलं तर दुसऱ्याचं नाव लिहावं लागणार. मनकर्णाचं नाव लिहिलं तर ती सरकारी कागदानं वरच्या आळीच्या ओट्यावर चढणार, आणि माझी आईच मला विचारणार, कावून लिहिलंस म्हणून. शिवाय कुणीतरी विचारलं असतं की हीच बाई काम करते तर मग संस्थेतले अकरा कोण? मी एक लिहिलं. पुढच्या रकान्यात, इतर कामगार : निरंक. खाली माझी सही, ओळखतो म्हणून.

पाटी आली, पत्र्याची, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. बन्सीनं ती घराच्या दारावर टांगली. मनकर्णा त्या वर्षी प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जात होती, नवीनच वाचायला शिकली होती. मी त्या बाजूनं चाललो होतो तर ती पाटीसमोर उभी राहून एकेक अक्षर बोटानं वाचत होती. संपल्यावर तिनं पाटीची मागची बाजूही वाकून पाहिली. मला वाटलं, काही बोलेल. ती नुसतं "जय भीम, भाऊसाहेब" म्हणाली आणि पाण्याला गेली.

दोन वर्षं अशी गेली. पाऊस दोन्ही वेळा दगा देऊन गेला. बन्सीला काम भरपूर होतं, आणि जिथं बन्सी तिथं गाठोडं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात फर्मान निघालं की बायकांना हातपंप दुरुस्तीचं प्रशिक्षण द्यायचं. आमच्या गावांच्या गटातून एकच बाई घ्यायची. दोन वर्षं पंपाच्या कामाचा अनुभव असावा, आणि तो नोंदलेल्या संस्थेचा किंवा केंद्राचा असावा. प्रशिक्षणानंतर तिला अवजारांची स्वतःची पेटी मिळणार, आणि आठ गावांचे पंप तिच्या नावावर.

मनकर्णा स्वतः सोसायटीत आली. बन्सी मागं उभा होता.

"माझं नाव घाला, भाऊसाहेब. ह्या कामात मी आठ वर्सं हाय."

"अगं, पन कागद..."

"कागद तुमीच करता न्हवं? करा की." मग जरा हळू म्हणाली, "लई काय न्हाई मागत. गाठुडं टाकून देयाचंय मला. पेटी घिऊन ओट्यावर चढायचंय, समद्यांच्या म्होरं."

मी अर्ज लिहून दिला. मनात म्हटलं, कचेरीत बघू. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. माझ्या भित्रेपणालाही नव्हता, तो असा गुपचूप "बघू" म्हणत पुढे सरकायचा.

निवडीच्या दिवशी आम्ही एसटीनं गेवराईला गेलो. बन्सी, मनकर्णा आणि मी. तिच्या मांडीवर गाठोडं होतं. मी म्हटलं, "आज तरी कशाला आणलंस?" ती म्हणाली, "क्लॅम्प हाय त्यात. सायबाला दावते कसा धरायचा ते." सगळ्या वाटेत ती गाठोड्यावर हात ठेवून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

खोलीत साहेब होते, कोकणातून नवीनच बदलून आलेले, स्वभावानं सज्जन. बाजूच्या खुर्चीवर विठ्ठलराव चहा पीत बसलेले. सुभद्राबाईंचा अर्ज आलाय हे मला तिथं पोचल्यावर कळलं. साहेबांनी दोन्ही फायली उघडल्या. एका फायलीत मजूर सहकारी संस्था, त्यात सुभद्राबाई, हातपंप दुरुस्ती कामगार, तीन वर्षं. दुसऱ्या फायलीत बन्सी हातपंप दुरुस्ती केंद्र, काम करणारी व्यक्ती एक, इतर निरंक. दोन्हीकडे माझंच अक्षर. पंपावर कधी न आलेले अकरा जण तिथं डोळ्यांत भरत होते, आणि आठ वर्षं क्लॅम्प धरणारी बाई कुठंच नव्हती.

"बाई, इथं तर एकच माणूस लिहिलाय. तुमचं नाव नाही," साहेब म्हणाले.

"एक कोयता लिवलाय, सायब," मनकर्णा म्हणाली. "एक कोयता मंजी दोन माणसं असत्यात. मी आन् मालक."

"कोयता?" साहेबांना हसू आलं. "पंपाला कोयता कशाला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सेक्रेटरी, फॉर्म तुम्ही भरलाय ना? ही बाई पंपावर काम करते का?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. बन्सी जमिनीकडे बघत होता. विठ्ठलरावांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. हो म्हटलं की माझी एका फॉर्मवरची सही खोटी ठरणार, आणि त्या एका सहीमागून अकरा नावं बाहेर येणार. घरी आई होती, बायको होती, आणि दुष्काळात पगार येणारी घरं गावात मोजून पाच.

मी म्हणालो, "भाकरी घेऊन येते, साहेब. मालकाची."

मनकर्णाचे हात तेव्हा गाठोड्याची गाठ सोडत होते. ते तिथंच थांबले. वरच्या फडक्यातून भाकरीची कड दिसत होती, ती साहेबांनाही दिसली. "अस्सं," म्हणाले, आणि त्यांनी सुभद्राबाईंच्या अर्जावर खूण केली. मनकर्णानं अर्धवट सुटलेली गाठ पुन्हा बांधली, घट्ट, दोन वेळा. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, शिव्या दिल्या असत्या तर त्याहून बरं.

परतीच्या एसटीत ती दोघं पुढे बसली आणि मी मागे.

आठवड्याभरानं वरच्या आळीतला पंप बंद पडला. दोन दिवस टँकरही आला नव्हता, हंड्यांची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत गेली होती. मला वाटलं, बन्सी येणार नाही. आला नसता तर त्याचं चुकलं नसतं. पण सकाळी तिपाई खांद्यावर घेऊन तो आला आणि मागं मनकर्णा, डोक्यावर गाठोडं. सोसायटी पंपाच्या समोरच आहे, मी दारात उभा होतो. बन्सीनं मला नमस्कार केला नाही.

ती ओट्याखाली गाठोडं सोडत होती तेवढ्यात रांगेतून सुभद्राबाई पुढं आल्या. बाई वाईट नव्हती हो. त्यांनी तर प्रशिक्षणाला जायचंय हेही नवऱ्याकडूनच ऐकलेलं.

"मनकर्णा," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारी जायचंय मला. मला यातलं ओ की ठो येत न्हाई. तिथं फजिती व्हईल गं माझी. जरा दावतीस का?"

बन्सीचा हात पान्यावर थांबला. मला वाटलं, आता ही बाई त्या क्लॅम्पनं कुणाचं तरी डोकं फोडणार, आणि पहिलं डोकं माझं असणार. मनकर्णा क्षणभर सुभद्राबाईंच्या हातांकडे बघत राहिली. मग ओट्यावर चढली, फडकं नाही, निमित्त नाही, आणि वरून म्हणाली, "वर या. आदी बांगड्या मागं सारा."

सुभद्राबाई वर चढल्या. मनकर्णानं त्यांचा हात धरून क्लॅम्पवर ठेवला. "बोट हितं न्हाई ठिवायचं, बोट जाईल. पाइपाकडं बगू नका. दोराचा आवाज ऐका. करकर थांबली की आवळायचं. आता... धरा!"

पंधरा तुकडे निघाले. पहिल्या पाचांना मनकर्णाचा हात वर होता, पुढच्यांना नुसता जवळ. वॉशर बदललं, सगळं पुन्हा खाली गेलं, बन्सीनं दांडा मारला आणि आधी गढूळ, मग नितळ पाणी आलं. बायका हंडे लावायला धावल्या. त्यात माझी आईही होती. मनकर्णा अजून ओट्यावरच उभी होती आणि आईनं तिच्या पायाशी हंडा लावला.

मी तिथून आत जायला हवं होतं. पण मी दारातच उभा राहिलो. मनकर्णा हात धुऊन लिंबाच्या सावलीला बसली, गाठोडं पुढं ओढलं, भाकरी काढल्या, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"भाऊसाहेब, या," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. पाहुण्याला बोलवावं तसं बोलावलं. "भाकर घिऊन आलेय. खावा थोडी."

रांगेतल्या सगळ्या बायका बघत होत्या. आईही हंडा अर्धा भरलेला सोडून बघत होती. चार पावलं होती फक्त. चार पावलं चालून तिच्यासमोर मांडी घालायची आणि एक घास तोंडात टाकायचा, एवढंच करायचं होतं. त्यानं तिचं प्रशिक्षण परत आलं नसतं, फॉर्ममधला एक दोन झाला नसता. तरी मला मान वर करून त्या आळीतून चालता आलं असतं.

"आज उपास हाय माझा," मी म्हणालो.

"बरं," मनकर्णा म्हणाली. तिनं भाकरीचे दोन तुकडे केले, एक बन्सीला दिला, एक स्वतः घेतला, आणि दोघं जेवू लागले.

तो बुधवार होता. बुधवारचा उपास मी आयुष्यात कधी केलेला नाही.